गोळी मी घेतली होती

एखादी गोष्ट विसरलं की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग आपल्याकडे. हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. छातीत फडफडणारं काळीज घेऊन जगणाऱ्यांसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. मी काही डॉक्टर नाही. सरकारी प्राथमिक शाळेत बाई होते, हिंदी आणि गणित शिकवायची, आणि मला कुणी कमी लेखलेलं खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा राग दिसला तर कुणी दचकायला नको.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडचे. शालूचे बाबा, म्हणजे माझे यजमान, मालगाडीवर गार्ड होते. भिलाईच्या यार्डात बदली झाली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. रिटायर होताना त्यांनी तिथल्याच जुनवानी वस्तीच्या कडेला घर बांधलं, मागे भाजीपाल्यापुरती बाडी ठेवली. एकुलती मुलगी शालू लग्न होऊन नागपूरला गेली. आजार आला तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, आणि माझी नोकरी अजून बरीच शिल्लक होती.

विहारात

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना मी घ्यायची. आधी मी म्हणायचं, मागून सगळ्यांनी. पुस्तक हातात धरायची मला कधी गरज पडली नाही आणि याचा मला गर्व होता. पाठांतराचं तसंच इतर गोष्टींचं. कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, कुणाचं पोर कुणापेक्षा मोठं, कोणाचा बाप कधी वारला, नातेवाईक सगळं मला विचारत. "सुमनले पुसा" हे आमच्या गोतावळ्यात शेवटचं उत्तर असायचं.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी विहार गच्च भरला होता. वंदना अर्ध्यावर आली आणि पुढचा शब्द आला नाही. मी विसरले असं म्हणता येणार नाही. विसरलेली गोष्ट निदान जिभेवर तरी असते. इथे तोंड उघडं, मागे माणसं थांबलेली, आणि आत काहीच नाही. उजव्या हातातली मेणबत्ती खाली पडली. ती पडताना मला दिसली, पण हाताला पत्ता नव्हता. शेजारी बसलेल्या शेवंताबाईनं पुढचं म्हणायला सुरुवात केली आणि लोकांनी तिच्यामागून म्हटलं. वंदना संपेपर्यंत माझा हात परत आला होता आणि शब्दही आले होते.

"सकायपासून चहावरच असशीन तू," शेवंताबाई म्हणाली. "पोटात काही नाई, मंग असंच होते."

मीही तेच म्हटलं. खरं तर काही महिन्यांपासून शाळेचा जिना चढताना छातीत पाखरू कोंडल्यासारखं व्हायचं. थोडा वेळ फडफडायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मी त्याचा दोष चहाला दिला, मग वयाला दिला. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक आपल्या हातातली कामं काढून घेतात. पण शालूच्या बाबांनी मेणबत्ती पडलेली पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दुर्गच्या टेम्पोत बसवलं.

दुर्गचे डॉक्टर

डॉक्टरांनी मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग कागदाची पट्टी काढली, तिच्यावरच्या रेघा बघितल्या. त्यांची नजर माझ्यावरून सरकून यांच्यावर गेली. पुढचं सगळं ते यांच्याशीच बोलले.

"धड़कन बेताल है. दिल ठीक से निचुड़ता नहीं, तो अंदर खून रुकता है, थक्का बनता है. वही छूटकर दिमाग में जाता है. उस दिन छोटा था, निकल गया."

"और बड़ा हुआ तो?" मी विचारलं. प्रश्न माझा असल्यामुळे त्यांना माझ्याकडे बघावं लागलं.

"लकवा हो सकता है."

लकव्याची भीती वाटलीच. पण मला दुसरं काहीतरी विचारायचं होतं आणि ते ओठावर यायला वेळ लागला. "मेरी माँ की याददाश्त चली गई थी. उसके सीने में भी ऐसी ही फड़फड़ होती थी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कभी-कभी थक्के इतने बारीक होते हैं कि पता नहीं चलता. न हाथ गिरता है, न ज़बान. बस थोड़ा-थोड़ा करके दिमाग घिसता जाता है. आपकी माँ का वही था, ये मैं नहीं कह सकता. पक्का किसी को मालूम नहीं."

उगाच धीर दिला नाही आणि उगाच घाबरवलंही नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. मात्र त्या दिवशी टेम्पोतून परत येताना मला नुसती आई दिसत होती.

माझी आई शेवटच्या वर्षांत वडलांचं ताट वाढून ठेवायची. वडील तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात सगळ्यांनी ठरवलं होतं, की तिला दुखवायचं नाही. "हाव माय, येतीन बाबा," असं म्हणायचं आणि ताट नंतर उचलून ठेवायचं. तिला दिलेल्या गोळ्या ती घेतल्या म्हणून सांगायची, आणि त्या सापडायच्या तिच्या चंचीत, सुपारीच्या खांडांत, गादीखाली. आपलं काहीतरी चुकतं आहे हे तिला कळत होतं. काय चुकतं आहे ते मात्र कुणी सांगत नव्हतं. बोलता बोलता ती थांबायची आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं मला विसरता आलेलं नाही.

आजाऱ्याची भाजी

मला दोन गोळ्या सुरू झाल्या. एक धडधड आवरायची, दुसरी रक्त पातळ ठेवायची. दुसरीचं काम नाजूक असतं. रक्त घट्ट राहिलं तर थक्का, म्हणजे गुठळी, फार पातळ झालं तर रक्तस्राव, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं. रक्त दुर्गला द्यायचं, रिपोर्ट रायपूरहून यायचा. खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जे रोज खाता ते खा.

आता आमच्याकडे रोज काय खातात ते सांगायला हवं. या भागात भाजी म्हणजे पालेभाजीच. वांगं, बटाटा, भोपळा वेगळे, त्यांना कुणी भाजी म्हणत नाही. हिवाळा लागला की बाड्याबाड्यांतून लाखोळीचा पाला, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, लाल भाजी, मेथी, पालक, मुळ्याचा पाला यांची नुसती रेलचेल. आणि कुणी आजारी पडलं की त्याच्या घरी भाजी पोहोचवायची, हा इथला शिरस्ता. पालेभाजी हलकी, पोट साफ ठेवते, रक्त वाढवते. खुडलेली, निवडलेली भाजी पदराखाली घेऊन बाई येते, ओट्यावर ठेवते, चौकशी करते आणि जाते. ती परत पाठवणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. मी विहारातली बाई, शाळेतली बाई, त्यामुळे माझ्याकडे भाजीचा ढीग लागला. शेवंताबाई तर एक दिवस चुकवेना. मी दोन्ही वेळा आवडीनं खात होते. त्या दिवसांत मला सगळ्यात बरं वाटायचं ते या बायका दारात दिसल्या की.

पहिला रिपोर्ट आला, रक्त घट्ट. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ लागतो. दुसराही तसाच. तिसऱ्या खेपेला त्यांनी चष्मा काढला आणि यांना विचारलं, "दवा बराबर ले रही हैं ना?"

मी समोरच्याच खुर्चीत होते. "ले रही हूँ," मी म्हटलं.

"आप देखते हैं?" त्यांनी पुन्हा यांनाच विचारलं.

शालूच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या शब्दाची खातरजमा करायला माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गोळी पोटातच जात नसेल तर मी मात्रा वाढवू कशी.

गादी

हे सगळं कळल्यावर शालू नागपूरहून आली. माझी लेक प्रेमळ आहे आणि कामाची आहे. तिनं आल्या आल्या घर हातात घेतलं. गोळ्या मी पाकिटातून काढून स्टीलच्या डबीत ठेवायची. तिनं डबी उघडून पाहिली, मोजल्या, पाकिटाशी ताडून पाहिल्या. हिशेब बरोबर होता.

"मग?" मी म्हटलं.

"मग काही नाही आई. तू टेन्शन मत ले, मैं देख लूँगी," ती म्हणाली. लहान पोराशी बोलतात त्या आवाजात.

दुपारी शाळेतून मी लवकर परतले. खोलीचं दार लोटलेलं होतं. शालू पलंगाशी वाकून उभी होती. एका हातानं तिनं गादी उचलून धरली होती आणि दुसऱ्या हातानं खालची सतरंजी चाचपत होती. मग तिनं माझी उशी हलवून पाहिली, उशीचा अभ्रा काढून झटकला. आजीच्या गोळ्या कुठे सापडायच्या ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. मी पायरीवर जाऊन बसले आणि चपला वाजवत पुन्हा आत आले. तिनं चहा टाकला. दोघींनी घेतला.

मला राग आला, भयंकर आला. पण त्यापेक्षा वाईट गोष्ट त्यानंतर झाली. शालू दुकानात गेली तेव्हा मी स्वतः ती गादी उचलली. मीही सतरंजी चाचपली. मग तांदळाच्या डब्यात हात घातला, साड्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या. गोळी घेतल्याचं मला आठवत होतं, पाण्याचा घोटही आठवत होता. पण आईलाही आठवत होतं. ती काही खोटं बोलत नव्हती, तिला खरोखरच वाटायचं की आपण गोळी घेतली. मग माझ्या आठवण्याला काय किंमत?

त्यानंतर मी गोळी घेतली की दिवसभर जिभेवर तिची चव शोधत बसायची. शाळेत पाढे म्हणून घेताना मध्येच थांबायची. वर्गातली पोरं माझ्या चेहऱ्याकडे बघायची. त्यांच्या त्या बघण्याचीही मला भीती वाटू लागली.

नर्सिंग होम

काही दिवस दाखल व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या नर्सिंग होममध्ये मला खिडकीजवळची खाट मिळाली. सकाळी सिस्टर यायची, मनगट धरायची, गोळी हातावर ठेवायची, आणि मी गिळून तोंड उघडून दाखवलं की पुढच्या खाटेकडे जायची. पहिल्या दिवशी तोंड उघडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर केरळची होती. तिनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती मला "टीचर" म्हणायला लागली. "टीचर, मुँह खोलिए." एवढ्यानं काम तेच राहिलं, पण मला बरं वाटायचं. दुपारी मोकळी असली की ती माझी वेणी घालून द्यायची. आजारात अशी चिमूटभर माया कुठून मिळेल सांगता येत नाही, मिळेल तिथून घ्यावी.

जेवण पथ्याचं होतं. मुगाचं पातळ वरण, भात, दुधीभोपळा, संध्याकाळी खिचडी किंवा दूध-पाव. मी ते नाक मुरडत खाल्लं.

शेवटी रक्त तपासलं. रिपोर्ट आला. अगदी हवा तसा.

शालूनं सुटकेचा श्वास टाकला. "चला, आता कळलं तरी," ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आईला गोळी हातानं द्यावी लागते, एवढंच तर आहे, देऊ. पण मला तो रिपोर्ट म्हणजे शिक्षा वाटली. त्याच गोळ्या, तीच मात्रा, फक्त दुसऱ्यानं दिल्या आणि लागू पडल्या. याचा अर्थ घरी मी घेत नव्हते. आणि घेत नव्हते हे मला माहीत नव्हतं. पन्नाशीतच माझी आई होऊन बसले होते मी.

घरी आल्यावर मी शालूच्या बाबांना सांगितलं, "मी शाळा सोडते म्हणते. पोरायले चुकीचं शिकवन्याआधी सोडलेली बरी. अन् वंदना आता शेवंताच घेईन."

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. लाइनीवर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना गडबड नसते.

"एक महिना थांब," ते म्हणाले. "गोळी मी देतो माह्या हातानं. मंग पाहू."

"दिली तर रिपोर्ट बराबरच येईन. त्यात पाहाचं काय?"

"येईन तं येईन. तवा सोड शाळा. मी नाई अडवत."

शालू नागपूरला गेली आणि आमची परेड सुरू झाली. गाडी स्टेशनातून सुटली की गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना हात दाखवतात, मागे पुढे सगळं ठीक आहे म्हणून. यांनी तीच पद्धत लावली. माझ्या तळहातावर गोळी ठेवायची, समोर उभं राहायचं, मी गिळली की मी हात वर करायचा, मग त्यांनी करायचा. पहिल्यांदा मला ते फार अपमानाचं वाटलं. नंतर एक दिवस हात वर करताना हसू आलं, त्यांनाही आलं. शेवंताबाई त्याच वेळी लाखोळीची भाजी घेऊन दारात उभी होती.

"हे काय चालू हाय तुमचं?" तिनं विचारलं.

"गाडी सोडून राहिलो," ते म्हणाले.

डॉक्टरांचा प्रश्न

महिना झाला. रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला मी जायला तयार नव्हते, ते मला जबरदस्तीनं घेऊन गेले. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ये तो फिर वहीं आ गया. दवा फिर छूट रही है."

शालूचे बाबा उठून उभे राहिले. आवाज त्यांनी चढवला नाही. "साहब, इस महीने हर गोली मैंने अपने हाथ से दी है. सामने खड़े होकर. एक नहीं छूटी. अब इनको मत पूछिए, कुछ और देखिए."

मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. रक्त घट्ट होतं, म्हणजे डोक्यात थक्का जायची भीती जशीच्या तशी होती. तरी मला इतका आनंद झाला होता की मी पदर तोंडाशी धरला. गोळी मी घेत होते. आधीही घेतच होते.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. विचार करत होते. मग पहिल्यांदाच, मी काही न विचारता, ते माझ्याकडे वळले. "नर्सिंग होम में और घर में फर्क क्या है? आप घर में खाती क्या हैं?"

"भाजी," मी म्हटलं.

"कौन सी?"

मग मी सांगायला लागले. सोमवारी शेवंताबाईच्या बाडीतली लाखोळी, सकाळी डाळ घालून, संध्याकाळी लसूण-मिरचीत. मंगळवारी पोस्टमनच्या बायकोनं आणलेली लाल भाजी. बुधवारी आमच्याच बाडीतला पालक. त्यानंतर हरभऱ्याची भाजी आली, जामुलहून शेवंताच्या जावेनं पाठवलेली. त्याच्या आदल्या आठवड्यात मेथी होती, पण एक दिवस मुळ्याचा पाला, कारण मेथी कडू निघाली. कुणी आणली, कशात शिजवली, कोणत्या वेळी खाल्ली, महिन्याभराचं सगळं मी मागे मागे जात सांगत गेले. डॉक्टरांनी लिहायला घेतलं होतं. थोड्या वेळानं त्यांचं पेन थांबलं.

"इतना सब याद है आपको?"

"है," मी म्हटलं. "पूछा किसी ने नहीं था."

हे जरा जास्तच बोलले, पण बोलले.

त्यांनी कपाळाला हात लावला. हिरव्या पाल्यात रक्त गोठवणारं तत्त्व असतं, ते या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. गोळी रक्त पातळ करणार आणि दोन्ही वेळची भाजी ते पुन्हा घट्ट करणार. नर्सिंग होममध्ये दुधीभोपळा होता म्हणून गोळीला काम करता आलं. "मैंने सोचा, भाजी यानी कभी-कभार थोड़ी-बहुत," ते म्हणाले. "ये मुझे पहले पूछना था." मोठा माणूस एवढं म्हणाला, माझा राग तिथेच निम्मा गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर रोज माझ्याच ताटात बसत होता.

भाजी सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. थोडी आणि रोज तेवढीच खा, त्या हिशेबानं मी मात्रा बसवतो. जे कुणी ही गोळी घेत असतील त्यांनी आपल्या डॉक्टरांना आपण काय खातो ते न विचारता सांगावं. किरकोळ वाटलं तरी सांगावं.

निघताना मी विचारलं, "मग माझ्या आईसारखं होणार नाही ना?" हिंदीत विचारलं, पण आवाज पवनीचाच होता.

"गोली से खतरा कम होता है," डॉक्टर म्हणाले. "खत्म होता है, ऐसा मैं नहीं बोलूँगा."

त्यानंतर

विहारात मी वंदनेनंतर उभी राहून बायकांना सगळं सांगितलं. शेवंताबाईचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला.

"म्हणजे मी तुले रोज आजारच देऊन राहिली होती का वं?"

"नाई वं. तू येत होती म्हणून तं मी उठून बसत होती," मी म्हटलं. "आता मूठभरच आणजो. पण येजो रोज."

ती यायची. कधी मूठभर घेऊन, कधी रिकाम्या हातानं.

शालूला यांनी नागपूरला निरोप धाडला. ती आली ती सरळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "आई, मी तुझी गादी तपासली होती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी पण तपासली."

ती वर बघत राहिली. मग आम्ही दोघी मिळून रडलो. तिच्यावर माझा आता राग नाही. भीतीनं माणूस काय काय उचकटून बघतो, ते मी स्वतःच्या हातांनी केलं होतं.

मी शाळा सोडली नाही. तेव्हा आमची राजधानी भोपाळ होती, तिथून कसले कसले आदेश येत राहिले, मुख्याध्यापक बदलत राहिले, मी माझ्या मुदतीनं रिटायर झाले. वंदनाही घेते, पण आता पुस्तक समोर उघडं ठेवते. सुरुवातीला ते उघडताना जिवावर यायचं. आता तेवढं वाटत नाही.

काळीज अजून फडफडतं. आणि मी विसरते. सगळेच विसरतात, तसं हे आहे की आईसारखं आहे, ते कुणालाच सांगता येत नाही. चष्मा, दुधाची पिशवी, शालूच्या सासऱ्यांचं नाव. मधेच एखाद्या सकाळी मला फार भीती वाटते. अशाच एका सकाळी मी शालूच्या बाबांना म्हटलं, "एक कबूल करा. माह्या आईले सगळे हाव हाव करत होते. माह्यासोबत तसं नोको. मी चुकली तं मले तोंडावर सांगजा. त्याच दिवशी."

त्यांनी कबूल केलं. सहज केलं, म्हणून मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नसावं.

परवा दुपारी अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली होती, तिनं मला वाकून नमस्कार केला, ती आता नर्स झाली आहे, असं मी त्यांना सांगत होते. तिच्या वर्गातल्या खोड्या, तिचा बाप, सगळं रंगवून सांगितलं. ते ऐकत होते, शेंगा सोलत होते. माझं संपल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सुमन," ते म्हणाले, "हे तू मले सकायी सांगितलं. कालही सांगितलं."

सकाळचं मला काहीच आठवत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि माझ्यापेक्षा त्यांचा चेहरा जास्त भ्यालेला होता.

"मंग मधातच कावून नाई थांबवलं?" मी विचारलं.

"तू हासून सांगून राहिली होती."

मी एक शेंग उचलली, ती सोलता येईना. हात ठीक होता, डोळे भरले होते. एवढा संताप आला की सूप लाथाडावंसं वाटलं. त्यांच्यावर, त्या मुलीवर, माझ्या डोक्यावर.

"राग आला ना?" त्यांनी विचारलं. "आता नोको सांगू का?"

"आला," मी म्हटलं. "पुढंही येईन. तरी सांगजा."